जे-२ वर फक्त सकाळी येणारा पोझिशन अलार्म: मोटर मागवण्याआधी काय तपासाल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच सांगता येईल. रत्नागिरीजवळ कॅनिंगचा कारखाना आहे. आंब्याचा पल्प डब्यात भरण्याचं काम जूनमध्ये संपतं, पण लेबल लावणं आणि खोक्यात भरणं पावसाळाभर चालतं. लाइनच्या शेवटी सहा अॅक्सिसचा (सहा फिरत्या जोडांचा) एक जुना रोबोट आहे, शंभर किलोच्या वर्गातला, एका वाहन कारखान्यातून निघालेला. तो खोके पॅलेटवर रचतो. जूनअखेरीपासून सकाळच्या पहिल्या तास-दीड तासात जे-२ वर, म्हणजे दुसऱ्या जोडावर, पोझिशन डेव्हिएशनचा (सांगितलेल्या जागेपासून फरक पडल्याचा) अलार्म येतो, तोही खोके उचलून हात वर जाताना. रिसेट केला की पुढे चालतो आणि दहानंतर दिवसभर त्याचं नाव नसतं. ऑगस्टपासून प्रमाण वाढलंय. ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवणारा भाग) बदलून झाला, दोनदा मास्टरिंग (जोडांचं शून्य पुन्हा ठरवणं) झालं. शिवाय थरात खोके बोटभर सरकून पडतात. आता मोटर बदला असा सल्ला व्हेंडरने दिलाय.

मोटर अजून मागवू नका. ती खराब नसेलच असं मी म्हणत नाही, पण तुम्ही सांगितलेल्यात तिच्याकडे बोट दाखवणारं अजून काहीच नाही. आणि तुमच्याकडे तक्रारी दोन आहेत, एक नाही. अलार्म ही एक आणि सरकलेले खोके ही दुसरी. दोन्ही 'पोझिशन चुकते' या एकाच नावाखाली आल्यामुळे एकाच औषधाने जातील असं वाटतंय. मला तसं वाटत नाही.

हा अलार्म नेमकं काय सांगतो ते आधी बघू. कंट्रोलर दर क्षणाला सांगतो की अॅक्सिस अमुक जागी हवा, आणि मोटरच्या मागचा एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर) सांगतो की मी तमुक जागी आहे. दोन्हींत फरक कायम असतो आणि तो असणारच. उदाहरणार्थ, पोझिशन लूपचा गेन (चूक भरून काढण्याचा जोर) ३० असेल आणि जोड सेकंदाला ९० अंशांनी फिरत असेल, तर फीडफॉरवर्ड (हे मागे पडणं आधीच भरून काढणारी सोय) नसताना तो साधारण ३ अंश मागे चालतो. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अलार्म. फॅनकमध्ये एसआरव्हीओ-०२३ म्हणजे थांबलेलं असताना पडलेला जास्तीचा फरक आणि ०२४ म्हणजे चालताना पडलेला. दुसऱ्या कंपन्यांत आकडे वेगळे, अर्थ तोच. म्हणजे अलार्मचं म्हणणं एवढंच की 'सांगितलं तेवढं झालं नाही'. ते कोणामुळे झालं नाही, हे तो सांगत नाही. मोटरला पुरेशी वीज मिळाली नाही, ब्रेक नीट सुटला नाही, वजन जास्त झालं, हाताचं वजन तोलणारा बॅलन्सर थकला, केबलचा एक फेज मधूनच तुटतोय, या सगळ्यांना एकच नंबर दिसतो. म्हणूनच ड्राइव्ह बदलूनही तो गेला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे मेनूचे रस्ते मी सांगू शकत नाही, आणि खालचे आकडे तुमच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. एक मात्र सगळ्या मॉडेलना लागू आहे: डेव्हिएशनची मर्यादा पॅरामीटरमधून वाढवून अलार्म गप्प करू नका. कोणीतरी हा सल्ला देतंच. पण ती मर्यादा असते अडकलेला किंवा निसटलेला हात वेळीच थांबवण्यासाठी.

आता जे-२ कडे. हा खांद्याचा जोड, सगळ्या हाताचं वजन यावर. इथे मी पहिल्यांदा जे करतो त्याला पैसा लागत नाही, टीच पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला पॅनल) आणि वही पुरते. बहुतेक कंट्रोलरवर प्रत्येक अॅक्सिसचा मोटर करंट किंवा टॉर्क टक्क्यांत दिसतो. रिकाम्या ग्रिपरने (खोके उचलणाऱ्या पंजाने) जे-२ एकट्याला, कमी आणि ठरलेल्या वेगाने, एकाच कोनातून एकदा वर आणि एकदा खाली न्या. त्या एकाच कोनावरचे दोन आकडे लिहा. वर जाताना मोटर वजनाशीही भांडते आणि घर्षणाशीही. खाली येताना वजन तोलून धरावं लागतं, पण घर्षण मदतीला येतं. म्हणून दोन्हींची सरासरी म्हणजे ढोबळमानाने वजनाचा भाग आणि दोन्हींतल्या फरकाचा निम्मा म्हणजे घर्षणाचा भाग.

समजा दुपारी, सगळं सुरळीत असताना, वर ६० आणि खाली २० आलं. वजन ४०, घर्षण २०. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, रोबोट थंड असताना, तेच माप पुन्हा घ्या. वर ७५ आणि खाली ५ आलं तर वजन ४० च आहे, घर्षण ३५ झालं. म्हणजे काहीतरी घासतंय: ब्रेक, बेअरिंग किंवा गिअरबॉक्स. वर ७५ आणि खाली ३५ आलं तर घर्षण २० च, वजन ५५ झालं. मग बॅलन्सरचा स्प्रिंग किंवा गॅसचा दाब बघा. आणि सकाळ-दुपार आकडे सारखेच आले, तरी अलार्म फक्त सकाळीच येतो, तर यांत्रिक बाजू बरीचशी निर्दोष सुटली, विजेकडे वळा. बॅलन्सरचा जोर कोनाप्रमाणे बदलतो, म्हणून कोन तोच हवा, एवढंच पथ्य. गिअरबॉक्सच्या कार्यक्षमतेमुळे हिशेब अगदी काटेकोर येत नाही, पण आपल्याला सकाळ आणि दुपार यांतला फरक हवाय, खरा आकडा नकोय.

घर्षण वाढलेलं दिसलं तर माझा पहिला संशय ब्रेकवर. मोटरच्या मागे बसलेला हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि वीज दिली की सुटतो. अर्धवट सुटला तर मोटर त्याला ओढत चालते, हँडब्रेक ओढलेला असताना घाट चढणाऱ्या गाडीसारखी. गाडी चढते, पण जिथे जोर लागतो तिथे दम तोडते. तुमचा अलार्म वर जातानाच येतो, तो याच्याशी जुळतो. ब्रेकचा व्होल्टेज कंट्रोलरच्या पॅनलमध्ये मोजून समाधान मानू नका. मोटरच्या शक्य तितक्या जवळ, सर्व्हो चालू असताना मोजा. बऱ्याच मोटरींवर तो २४ व्होल्ट डीसी असतो, काहींवर ९० च्या आसपास, नेमप्लेट बघा. पॅनलमध्ये २४ आणि मोटरपाशी २० येत असतील तर केबल, रिले किंवा कनेक्टर मध्ये खातंय.

पण मग सकाळीच का? ब्रेकची कॉइल थंड असताना तिचा रेझिस्टन्स कमी असतो, म्हणजे ती उलट जास्त जोराने ओढायला हवी. कॉइलचा दोष असता तर अलार्म दुपारी, मोटर तापल्यावर आला असता. त्यामुळे सकाळचा ब्रेक म्हटलं की मला दोन गोष्टी सुचतात: त्या वेळी पडलेला सप्लाय, किंवा रात्रभराच्या ओलाव्याने ब्रेकच्या चकतीवर धरलेला गंजाचा थर. तो थर तासाभराच्या कामात घासून निघतो आणि मग दिवसभर सगळं आलबेल. मोटर बंदिस्त असते हे खरं, पण कनेक्टरच्या रबरी सीलमधून, सैल ग्लँडमधून किंवा पाण्याच्या पाइपने रोबोट धुणाऱ्या उत्साही माणसाकडून पाणी आत जातंच. कॅनिंगमध्ये संध्याकाळी सगळं धुऊन काढायची पद्धत असते. तुमच्याकडे रोबोटही धुतात का? हे मला नक्की कळवा.

ग्रीस घट्ट झाल्याचा मुद्दा तुमच्या व्हेंडरने काढलाय. डिसेंबरात चाकणला सकाळी सहाला हे मी मान्य केलं असतं. रत्नागिरीत जानेवारीतही पारा सहसा १५ च्या खाली जात नाही, आणि ऑगस्टमध्ये तर सकाळही पंचविशीतलीच असते. ग्रीस बदलताना चुकीचं भरलं गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता सप्लाय, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. रोबोट जुना आणि दुसऱ्या कारखान्यातून आलेला, म्हणून. कंट्रोलरच्या पायाशी एक ट्रान्सफॉर्मर असतो. तो आपला ४१५ व्होल्टचा थ्री-फेज २०० च्या आसपास उतरवतो. त्याला वेगवेगळ्या इनपुटसाठी टॅप असतात. आधीच्या कारखान्यात व्होल्टेज चढा असेल तर कोणीतरी जोडणी ४४० च्या टॅपवर करून ठेवलेली असते, आणि रोबोट विकताना ही गोष्ट कोणी सांगत नाही. आता सकाळी तुमच्याकडे ३९० येत असतील तर आउटपुटला २०० ऐवजी साधारण १७७ मिळतात. रेक्टिफायरनंतर जिथे २७० ते २८० व्होल्ट डीसी हवे तिथे २४०-२५० उरतात. एवढ्याने लो-व्होल्टेजचा वेगळा अलार्म येईलच असं नाही, कारण त्याची मर्यादा बरीच खाली असते. पण मोटर वेगात असताना तिला टॉर्क द्यायला व्होल्टेज शिल्लक राहत नाही. हळू चालवली तर काही जाणवत नाही. पूर्ण वेगात, वजन घेऊन वर जाताना ती मागे पडते. आणि आपल्याला दिसतं काय, तर पोझिशन डेव्हिएशन.

ऑगस्टपासून वाढलं, असं तुम्ही लिहिलंत. मला ती तारीख महत्त्वाची वाटते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बंदी उठली की बर्फाचे कारखाने आणि कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर पुन्हा जोरात सुरू होतात. ते तुमच्याच फीडरवर आहेत का हे मला इथे बसून कळणार नाही, पण महावितरणच्या लाइनमनला विचारायला काय जातं? तुमचे स्वतःचे कॉम्प्रेसर आणि चिलरही बहुधा शिफ्ट सुरू होतानाच एका दमात चालू होत असतील.

यासाठी मीटरने एकदा माप घेणं पुरत नाही. किमान-कमाल धरून ठेवणारा मीटर तिन्ही फेजवर, रोबोटच्या मेन स्विचच्या खालच्या टोकाला, पहाटेपासून लावून ठेवा. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का तेही बघा. एकच फेज कमी असेल तर फ्यूजचा होल्डर किंवा सैल झालेला अॅल्युमिनियम लग शोधा. समुद्राजवळ तांब्याच्या टर्मिनलवर अॅल्युमिनियमचा लग लावला असेल तर तो जोड आधी बघा. खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा सांधा लवकर खराब होतो. इलेक्ट्रिशियन जाणकार असेल तरच डीसी बस मोजायला सांगा. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज काही मिनिटं टिकते.

मीटर येईपर्यंत एक सोपी परीक्षा: सकाळी पहिला तास ओव्हरराइड (एकूण वेगाची टक्केवारी) ५० टक्क्यांवर ठेवून तोच प्रोग्रॅम चालवा. अलार्म बंद झाला तर दोष वीज अपुरी पडण्यात किंवा भार जास्त असण्यात. अर्ध्या वेगातही तसाच आला तर ब्रेक किंवा केबल.

भाराबद्दल एक शंका आहे. पल्पचे ३.१ किलोचे सहा डबे असलेला खोका म्हणजे डब्यांच्या पत्र्यासकट वीस-बावीस किलो. तुमचा ग्रिपर एका वेळी दोन उचलतो, म्हणजे चव्वेचाळीस. ग्रिपरचं वजन किती? तुम्ही लिहिलंय की तो मध्यंतरी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 'मजबूत' करून घेतला. आपले फॅब्रिकेटर हात राखून लोखंड वापरत नाहीत. एकदा ग्रिपर उतरवून काट्यावर घाला आणि खरं वजन कंट्रोलरच्या पेलोड सेटिंगमध्ये भरा, गुरुत्वमध्यासकट. कंट्रोलर त्याच आकड्यांवरून किती जोर लागेल आणि वेग कसा चढवायचा ते ठरवतो. आकडे जुन्या कारखान्याचेच राहिले असतील तर तो दिवसभर काठावर चालतो आणि सकाळी सप्लाय जरा पडला की काठ ओलांडतो. मला वाटतं तुमच्याकडे असंच काहीसं आहे: एकच मोठा दोष नाही, तीन लहान दोष आहेत, आणि सकाळी ते एकत्र येतात.

आता मीठ. समुद्राजवळ सगळेच म्हणतात की खारी हवा पॅनल खाते, पण ते सकाळीच का जाणवतं ते क्वचितच कोणी सांगतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. म्हणजे कनेक्टरच्या पिनांमध्ये बसलेला मिठाचा बारीक थर रात्री ओला होऊन थोडी वीज वाहू लागतो. सकाळी पॅनल तापलं की तो वाळतो आणि दुपारी उघडून बघणाऱ्याला काहीच सापडत नाही. म्हणून कनेक्टर बघायचे तर सकाळी, रोबोट चालू करण्याच्या आधी. पिनांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर आयसोप्रोपिल किंवा चांगल्या कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. पॉलिशपेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की पिन पुढच्या पावसाळ्यात नक्की कुजते. सीलची रिंग बदला आणि केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे थेंब तिथून टपकतील.

एक गोष्ट खरी आहे: एन्कोडरची लाइन खराब असेल तर बहुतेक वेळा कम्युनिकेशनचे किंवा पल्सचे वेगळेच अलार्म येतात. ते तुमच्या यादीत नाहीत. त्यामुळे मी मोटरच्या पॉवर केबलकडे जास्त संशयाने बघेन. ड्राइव्हच्या टोकाला केबल सोडवा आणि तिन्ही फेजांमधला रेझिस्टन्स जोडी-जोडीने मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. दुसऱ्याने हात थोडा हलवताना आकडा उड्या मारत असेल तर हातातून जाणारी केबल आतून तुटतेय. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) फेज ते अर्थ मोजा, पण केबल ड्राइव्हपासून सोडवल्यावरच, आणि एन्कोडरच्या तारांना मेगर चुकूनही लावू नका. १०० मेगओहमच्या वर असेल तर उत्तम. १० ते १०० मध्ये वाइंडिंग खराब व्हायला लागलंय, पण चालेल. १ च्या खाली असेल तर तुमचा व्हेंडर बरोबर, मोटर मागवा. हेही सकाळी मोजा, दुपारीही मोजा. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या बऱ्याच मोटरी वाळवून परत लावल्या गेल्या. त्यातल्या काहींचं हेच लक्षण मी नंतर पाहिलं: दुपारी मेगर ठणठणीत, पावसाळी सकाळी पार खाली.

आणि पॅनलचं दार उघडून समोर टेबलफॅन ठेवला असेल तर तो आजच काढा. कोकणात हा प्रकार प्रत्येक दुसऱ्या कारखान्यात दिसतो. फिल्टर साफ केला तर फॅनची गरज पडत नाही.

राहिले सरकलेले खोके. इथे अलार्म येत नाही, आणि तीच खरी खूण आहे. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असतो. त्याच्या पुढचं काहीच कंट्रोलरला दिसत नाही: गिअरबॉक्स, हाताचे सांधे, बेसचे बोल्ट, ग्रिपर. थोडं गणित करा. हात २ मीटर पसरलेला असताना १ आर्कमिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) ढिलेपणा टोकाला अर्धा मिलिमीटरच्या थोडा वर दिसतो. बोटभर, म्हणजे समजा १५ मिलिमीटर, चूक गिअरबॉक्समुळे असेल तर ढिलेपणा पंचवीस आर्कमिनिटांचा हवा. एवढा खराब गिअरबॉक्स आवाज करतो, थांबताना हात थरथरतो आणि ग्रीसमध्ये लोखंडाची भुकटी चमकते. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. दुसरीकडे, एन्कोडरने मोटरचा एक पूर्ण फेरा गमावला असेल आणि गिअरचं प्रमाण १५० च्या आसपास असेल, तर जोड २.४ अंशांनी चुकतो आणि टोक ८० मिलिमीटरहून जास्त हलतं. तेही तुमच्या बोटभराशी जुळत नाही. म्हणून मास्टरिंगने हे सुटायला नकोच होतं, आणि सुटलं नाही.

जुळतं ते ग्रिपर, पॅलेटचा स्टॉपर आणि खोका. पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा धरतो, मऊ पडतो, आणि व्हॅक्यूम कपाखाली पृष्ठभाग वाकतो. वेग घेताना खोका कपात सरकतो. एका कोरड्या, तुळतुळीत लाकडी फळीवर खुणा करून त्याच प्रोग्रॅमने उचल-ठेव करून बघा. फळी दर वेळी जागेवर पडली तर रोबोट निर्दोष आहे आणि त्रास पुठ्ठ्याचा आहे. फळीही सरकली तर ग्रिपरच्या फ्लँजचे बोल्ट, मग बेसचे फाउंडेशन बोल्ट टॉर्क रेंचने तपासा आणि मग डायल गेज लावा. मास्टरिंग दोनदा झाल्यामुळे आता एक नवी शंका निर्माण झालीय; सगळे अॅक्सिस शून्यावर नेऊन हातावरच्या खुणा जुळतात का ते बघा. जुन्या मास्टरिंगचे आकडे कुठे लिहिलेले किंवा बॅकअपमध्ये असतील तर ते जपून ठेवा आणि यापुढे अलार्म आला म्हणून मास्टरिंगला हात लावू नका.

मी तुमच्या जागी असतो तर उद्या सकाळी रोबोट चालू करण्याआधी कनेक्टर आणि मेगर, मग वर-खालीचे दोन आकडे, मग अर्ध्या ओव्हरराइडवर तासभर काम, आणि दिवसभर मेनवर मीटर, असा क्रम धरला असता. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघायला पाच मिनिटं लागतात, तो मेन बंद असतानाच बघून घ्या. हे आकडे कळवलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.

यातून मोटरच निघाली, तर ती कुंभार्ली घाटातून खाली उतरेपर्यंत एक तयारी करून ठेवा. जे-२ चा ब्रेक मोटरच्या आतच असतो. मोटरचे बोल्ट सोडले की हाताला धरणारं काही उरत नाही आणि तो आपल्या वजनाने खाली येतो. कंपनीचा लॉकिंग पिन किंवा ब्रॅकेट असेल तर तो लावा, नसेल तर क्रेनच्या पट्ट्याने हात टांगून ठेवा आणि बॅलन्सरच्या जवळ कोणालाही उभं राहू देऊ नका. मोटर काढताना ग्रीस बाहेर येतं, तेव्हा नवा सील आणि ठरलेल्या जातीचं ग्रीस आधीच मागवून ठेवा. बाजारातलं साधं ग्रीस भरून भागवू नका.